माझा मोगरा आणि भावाचं पेट्रोल

माझ्या धाकट्या भावाला रसायनशास्त्र शिकायला नागपूरला पाठवलं, तेव्हा ते शास्त्र नेमकं काय असतं हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. आम्ही माळी. बाग अमरावतीहून नांदगाव पेठेकडे जाताना डाव्या हाताला. मोगरा, शेवंती, थोडी वांगी, थोडी मेथी. बाबांना वाटलं, रसायन म्हणजे खताबिताचं काहीतरी असेल, पोरगा बागेलाच उपयोगी पडेल. तर हा पहिल्याच सुट्टीत घरी आला आणि चिमणीपुढे बसून सांगायला लागला, की या चिमणीतलं घासलेट, मोटारीतलं पेट्रोल आणि सडकेवरचं डांबर ही तिन्ही एकाच मायची लेकरं आहेत. बाबा म्हणाले, "असतीन बाप्पा. आपल्याले त्यायच्या लग्नाले थोडी जा लागते!"

पण मला ऐकायला आवडायचं. मी थोरली, लग्न झालेली, दोन लेकरांची आई, शाळा चौथीपर्यंत. तरी माहेरी आले की त्याच्या गोष्टी ऐकत बसायची. तो सांगायचा, जमिनीतून काळं घाण तेल निघतं. ते बंद भांड्यात तापवत नेलं की पहिल्या आंचेला जे वाफ होऊन उडतं ते पेट्रोल, त्याच्या मागून घासलेट, मग वंगणाचं जाड तेल, आणि बुडाशी काळं ढिम्म राहतं ते डांबर. वाफ निववली की परत पातळ होते. मी म्हटलं, "म्हणजे मोहाची दारू गाळतात तसंच की रे!" त्याला राग यावा, तर उलट खूशच झाला.

"पण बाई, पाणी कसं, एका ठरल्या आंचेले उकळते," तो म्हणाला. "पेट्रोल तसं नाई. ते एक जिन्नस नाई, कित्येक जिनसांचा मेळ हाये. हलके असतात ते आंधी उडतात, जड असतात ते मांगून."

"लग्नातल्या पाहुण्यावानी," मी म्हटलं. "काही हात धुतले का लगेच पळतात. काही दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या बुंदीपर्यंत हालत नाईत."

"बरोब्बर! आन जे लगेच पळतात नं, ते आपल्या वैशाखाच्या उन्हात बी उकळू शकतात."

मी हसले. उन्हात पापड वाळतो, माणूस वाळतो, पण चुलीवाचून काही उकळलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याचं लग्न ठरलं बाळापूरला. मुलीच्या बापाची मन नावाच्या नदीच्या काठी बाग, फुलं आणि भाजी. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, हा आता मारतो की काय. साक्षगंधाच्या दिवशी भर पंगतीत त्यानं आमच्या बाबांना ऐकवलं, "शब्द देला, लगन लावीन. पण पोरगी नांदाले कवा पाठवाची, ते मी ठरवीन. जावई कालेजात शिकते. याचे हात मातीत जातीन का नाई, मले काय मालूम? यानं सोता वाढवलेल्या मोगऱ्याचा हार लग्नात आणावा. ताजा. मी फुलं पाह्यतो आन मंग सांगतो. सुकली फुलं आली त समजीन का याचं ध्यान बागेत नाई, पुस्तकात हाये. मंग एक साल पोरगी माह्यापाशी राईन. याले बाग करून दाखवू द्या."

बाबांचा चेहरा उतरला. भावाचा नाही. त्यानं त्या दिवशी मुलीला एकदाच पाहिलं होतं, पण त्या एकदातच गडी कामातून गेला होता. तो ताडकन म्हणाला, "आणतो." पौषात सुट्टी काढून आला आणि मोगऱ्याची छाटणी स्वतः केली. परीक्षा उरकून परत आला तो रोज पहाटे वाफ्यात. शेण, पाणी, निंदणी, सगळं. हाताला घट्टे पडले. मी चिडवायची, "कावून रे, तुह्या शास्त्रात शेणाचं नाव काय हाये?" तो म्हणायचा, "बाई, एक साल म्हणजे किती मोठं असते, तुले नाई समजणार." आता या मूर्खाला कोण सांगणार, की मला सासरी जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि वर्ष किती मोठं असतं ते मी त्याच्या दहापट जाणत होते!

लग्न वैशाखातलं, मुहूर्त गोरज. वऱ्हाडी मंडळी आदल्या दिवशीच बडनेऱ्याहून आगगाडीनं अकोल्याला आणि पुढे बैलगाड्यांनी बाळापूरला गेली. पण मोगरा आदल्या दिवशी खुडून कसा चालेल? त्याची कळी त्याच पहाटे खुडावी लागते. आणि आगगाडी, मग बैलगाडी, भर दुपारचा धुरळा, एवढ्यातून हार ताजा नेणं काही खरं नाही. म्हणून भावानं भाड्याची मोटार ठरवली. मोटारीत नवरदेव, मी, आमचे मामा आणि ड्रायव्हर. मी कशाला? तर फुलं सांभाळायला. हार मी ओवला होता. केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत ठेवला, वरून ओलं गोणपाट, आणि टोपली मोटारीच्या पायरीवर वारा लागेल अशी बांधली. ओल्या गोणपाटाला वारा लागला की आत थेट हिवाळा असतो. आम्ही माळी लोक वर्षानुवर्षं असाच माल बाजारात नेतो. सोबत पाण्याची मोठी घागर. गोणपाट वाळलं की शिंपडायचं, एवढंच माझं काम.

पण त्या घागरीवर मोटारीचा डोळा होता हे मला कुठे ठाऊक? बडनेरा गेलं नाही तोच ड्रायव्हर उतरला आणि इंजिनाच्या डब्यात भडाभडा पाणी ओतायला लागला. मूर्तिजापूरला पुन्हा तेच. मामा म्हणाले, "अबे, बैल बी येवढं पाणी पेत नाई. आन बैल निदान शेण त देते!" अकोल्याला आम्ही घागर भरून घेतली, ड्रायव्हरनं डब्यातून पेट्रोल भरलं. त्यातलं थोडं माझ्या हातावर उडालं. बाई गं! बर्फासारखं गार लागलं आणि फुंकर मारायच्या आत नाहीसं झालं. घासलेट असतं तर दिवसभर तेलकट वास घेऊन बसावं लागलं असतं. भावानं डबा हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे हिवाळ्यातलं पडून राह्यलेलं दिसते. थंडीत मोटार लवकर चालू व्हावी म्हणून त्यात हलका भाग जास्त ठेवतात."

"पेट्रोलले हिवाळा-उन्हाळा?" मामा म्हणाले. "मंग त्याचे तीळगूळ बी असतीन!" आम्ही खो खो हसलो.

अकोला सोडून निम्मी वाट गेली असेल. मोटार खोकली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. ऊन असं, की सडकेकडे पाहवेना. ड्रायव्हरनं झाकण उघडलं, नळी सोडवली, तोंड लावून जोरानं फुंकली, तोंडात आलेलं पेट्रोल थुंकला आणि निकाल दिला, "कचरा व्हता." मग समाधानानं बिडी काढून काडी ओढणार, तेवढ्यात भाऊ ओरडला, "अबे, पेटून मरशीन नं! सगळ्यायले घेऊन मरशीन!" बिडी खिशात गेली. मोटार सुरू झाली, थोडी चालली, आणि परत गप्प. परत नळी, परत फुंकर, परत कचरा. तिसऱ्या वेळेला मामा म्हणाले, "हा कचरा नाई, दृष्ट हाये." नवरदेवाच्या कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं, ते त्यांनी उपसलं, मोटारीवरून ओवाळलं आणि चाकाखाली ठेवलं. आता लिंबू चिरडायचं तर गाडी पुढे जायला पाहिजे, आणि ती तर जागची हलेना. शेवटी आम्ही चौघांनी, त्यात मुंडावळ्या बांधलेला नवरदेवही, ती मोटार ढकलत लिंबावरून नेली. लिंबाचा चेंदामेंदा झाला. मोटार ढिम्म.

तेव्हा भावानं नळीला बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं. "बाई," तो म्हणाला, "पेट्रोल उकळून राह्यलं."

मामांनी खाली वाकून मोटारीच्या पोटाखाली पाहिलं. "चूल कुठी हाये?"

"मामा, वरून हे ऊन. आन ही नळी इंजिनाच्या धुराच्या नळकांड्यापाशून जाते. तेवढ्या आंचेले यातला हलका भाग नळीतच उकळते. नळीत वाफ भरते. पंप पेट्रोल ओढाले जाते आन त्याच्या तोंडात वाफच येते. कचराबिचरा काई नाई. थांबलं का नळी जराशी निवते, म्हणून चालू होते. चाललं का परत तापते."

"मंग पुरती कवा निवन?" मी विचारलं.

तो पश्चिमेकडे पाहत म्हणाला, "सूर्य बुडल्यावर."

आणि सूर्य बुडतानाच मुहूर्त! तिकडे हळद लागलेली पोरगी, मांडवात सगळं गाव, आणि नवरदेव सडकेवर मोटार ढकलतोय. बैलगाडी मिळेल म्हणून पाहिलं, तर त्या उन्हात कुत्रंही रस्त्यावर नव्हतं. मामा डबा घेऊन शेतातल्या विहिरीकडे गेले आणि तसाच रिकामा डबा घेऊन आले. "पाणी सोड, त्या विहिरीत बेंडूक बी नाई." घागर मी हलवून पाहिली. अकोल्यानंतरही मोटारीनं दोनदा तोंड लावल्यावर तिच्यात तळाशी काय ते उरलेलं.

भाऊ टोपलीकडे पाहायला लागला. मला त्याच्या मनातलं कळलं.

"तिकडे पाहू नोको," मी म्हटलं.

"बाई, ऐक त खरं."

"काय ऐकू? तुह्या मोटारीनं घागर पेली. आता माह्या मोगऱ्याचं गोणपाट बी तिलेच पाहिजे?"

"तू मोगऱ्याले जे करतं, तेच मले नळीले कराचं हाये. ओलं गोणपाट वाऱ्यात असलं का पाणी उडते, उडताना आंच घेऊन जाते. नळीवर आन पंपावर गुंडाळलं त पेट्रोल उकळणं थांबन."

"आन फुलं?"

तो पायरीवर बसला. मुंडावळ्या एका कानावर गेलेल्या, कपाळाची हळद घामानं नाकावर आलेली. मग हळूच म्हणाला, "फुलं वाचवत इथं बसलो त मुहूर्त जाते. फुलं सोडली त एक साल पोरगी दूर राह्यते. मीच वाढवली बाई ही फुलं. मले सोपं नाई."

मला असा राग आला! मोटारीचा, पेट्रोलचा, त्या बाळापूरच्या हट्टी म्हाताऱ्याचा, सगळ्यांचाच. पहाटेपासून एकेक कळी ओवलेला हार होता तो. आणि रडूही आलं, ते काय लपवायचं? पण हळद लावून बसलेल्या पोरीला मांडवात तोंडघशी पाडायचं म्हणजे काय, ते बाईलाच कळतं. मी गोणपाट ओढलं आणि त्याच्या अंगावर फेकलं. "घे! गुंडाळ तुह्या नळीले! आन आता जर ही बंद पडली, त मी तुलेच जुंपीन!"

ड्रायव्हर "कचरा हाये जी, कचरा" म्हणतच राहिला, पण त्यानं गोणपाट बांधायला मदत केली. इंजिनाची एका बाजूची झाकणी काढून टाकली. आणि मोटार सुरू झाली ती थांबली नाही. पण गोणपाट क्षणात वाळायचं, म्हणून त्यावर पाणी शिंपडत राहावं लागे. ते कोण करणार? नवरदेव! मोटारीच्या पुढल्या चाकाच्या पत्र्यावर हा बसलेला, एका हातानं दिवा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात तांब्या, आणि शेला मागे फडफडतोय. घागरीतलं संपलं. मामांच्या फिरकीच्या तांब्यातलं प्यायचं पाणी संपलं. बाळापूरचा किल्ला दिसायला लागला आणि गोणपाट पुन्हा वाळलं. मी मामांकडे पाहिलं. मामांनी मान फिरवली. त्यांच्या पायाशी पिशवीत काहीतरी झाकलेलं होतं. मी ओढून काढलं, तर अकोल्याहून गुपचूप घेतलेला ताकाचा गडू!

"मामा!"

"उन्हात ताक लागते माणसाले," मामा पुटपुटले.

ते ताकही पंपावर गेलं. जिरं, कोथिंबीर सगळ्यासकट.

गावात शिरलो तेव्हा गाई नदीकडून परतत होत्या. मुहूर्त सापडला. नवरदेवाला खाली उतरवलं, तोंड धुतलं, मुंडावळ्या सरळ केल्या. मग मी टोपली उघडली. केळीचं पान करपल्यासारखं झालेलं. मोगरा तपकिरी पडलेला, माना टाकलेला, आणि त्याला वास येत होता पेट्रोलचा. वेळ नव्हता. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट दूर झाला, आणि भावानं तोच हार तिच्या गळ्यात घातला. शेजारच्या बायांनी नाकाला पदर लावले. आमच्या बाबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. माळ्याच्या घरचं लग्न आणि सुकलेला हार! आमच्याकडे यापेक्षा मोठी शोभा नसते.

अक्षता पडल्या, लोक पाटांवर बसायला लागले, आणि मुलीचा बाप आमच्यासमोर येऊन उभा राहिला. लेकीच्या गळ्यातल्या हाराला त्यानं हात लावला, बोटं हुंगली.

"हे काय हाये, जावाईबुवा?"

भाऊ उठला. मी मनात म्हटलं, देवा, याला आता शास्त्र आठवू देऊ नको. पण आठवलंच! त्यानं भर मांडवात सगळं सांगितलं, काळ्या तेलापासून. हलका भाग, जड भाग, नळीतली वाफ, ओलं गोणपाट. मांडव कान देऊन ऐकत होता. म्हातारा शेवटपर्यंत थांबला. मग म्हणाला, "म्हणजे मोटारीचं तेल उकळलं म्हणून मोगरा सुकला?"

"हो."

"बाप्पा! येवढ्या उमरीत मी उन्हाचे बहाणे ऐकले, किडीचे ऐकले, बकरीनं खाल्ल्याचे ऐकले. असा बहाणा पयलाच!"

मांडवात हशा पिकला. मामा साक्षीला पुढे झाले आणि त्यांनी लिंबाची हकीकत सांगितली, त्यानं तर आणखीच वाटोळं झालं. शेवटी ड्रायव्हरला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "कचरा व्हता जी."

भाऊ पडलेल्या चेहऱ्यानं उभा. खरं बोलून खोटा पडला बिचारा. म्हातारा आमच्या बाबांकडे वळला. "इवाई, राग मानू नोका. शब्द म्हणजे शब्द. लगन लागलं. पोरगी एक साल इथंच राईन."

तेवढ्यात मागून आवाज आला. "बाबा, तुमी फूल हुंगलं. पाह्यलं कुठी?"

नवरी! डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, पण आवाज खणखणीत. बायांनी तिला चूप चूप केलं. तिनं गळ्यातला हार काढला आणि बापाच्या हातात दिला. "सुकल्यानं फुलाचा रंग जाते, वास जाते. पाकळ्या कमी होत नाईत. मोजून पाहा. देठ पाहा केवढा हाये. आपल्या बागेत असा मोगरा कवा आला, सांगा. हे उन्हानं सुकलं बाबा, बागेनं नाई."

म्हाताऱ्यानं हार दिव्याजवळ नेला. एक फूल बोटांत धरून पाकळी पाकळी उलगडली. दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. त्याला कळत होतं, साऱ्या जन्माचा माळी तो. मग त्यानं पुढे होऊन माझ्या भावाचा हात धरला, तळवा उलटा करून घट्ट्यांवरून अंगठा फिरवला, आणि हात सोडून दिला.

"फूल चांगलं हाये," तो म्हणाला. आमच्या बाबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "बरं, पाठवतो. पण लगेच कशी पाठवू? हिची पेटी भरा लागन, लुगडी काढा लागन..."

"भरली हाये," नवरी म्हणाली.

"काय?"

"पेटी."

"कवा?"

"परवा."

"परवा!" म्हातारा ओरडला. "आन मी सांगतलं व्हतं नं, फुलं पाह्यतो, मंग ठरवतो म्हणून!"

"मंग तुमाले पाहाले मी नाई म्हणलं काय? पाहा नं."

सगळा मांडव असा हसला, की वाढणाऱ्यांच्या हातातली भांडी हलली. म्हाताराही हसायला लागला. हसता हसता त्यानं मांडवाची मेढ धरली, आणि आम्हाला वाटलं अजून हसतोय, तर तो रडत होता. एकुलती एक लेक होती त्याची. एक वर्ष तर एक वर्ष, एवढंच हवं होतं त्याला. मला ते तेव्हा कळलं, आणि दिवसभर त्याला मनात ज्या शिव्या दिल्या होत्या त्या मी मनातच परत घेतल्या. मीही रडले, मामाही रडले. आमचे बाबा उठले आणि नुसतेच त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

नवरी त्याच्यापाशी गेली. त्याच्या दंडाला धरून ती काहीतरी बोलली, हळू, पण मी अगदी जवळ होते.

"रडू नोका, बाबा. मी काई त्या मोटारीत बसून जात नाई. सकाळी आपली बैलगाडीच जुंपू. तिले जाले दिवसभर लागते. तुमी बी चाला संगं, अकोल्यापर्यंत."

माझ्या भावानं हे ऐकलं.  सकाळी गाडी त्यानंच जुंपली, आणि कासरा सासऱ्याच्या हातात दिला.